डच लोकांची इंग्रजी: मस्ट, वुड आणि -इंगच्या या चुका टाळा

डच माणसाला इंग्रजी येत नाही असं म्हणायची सोय नाही. ईएफ या भाषा शिकवणाऱ्या कंपनीच्या इंग्रजीच्या जागतिक क्रमवारीत २०२४ लाही नेदरलँड्स पहिलं होतं, आणि वर्गात पहिल्याच तासाला मंडळी अशी फाडफाड बोलतात की शिकवायला आलेल्या बाईनेच गप्प बसावं. घोळ तिथेच होतो. अडखळत बोलणाऱ्याची चूक लोक सांभाळून घेतात, पण सफाईदार बोलणाऱ्याने चुकीचं क्रियापद वापरलं की ती चूक वाटतच नाही, त्याला तेच म्हणायचं होतं असं समोरचा धरून चालतो.

माझा सगळ्यात नावडता प्रकार म्हणजे मस्ट नॉट. बेल्जियमच्या फ्लँडर्समधे, म्हणजे अँटवर्प, गेंटकडे, जिथे डचच बोलतात, 'मूतन' (हसू नका, उच्चार तसाच आहे) या मस्टच्या डच भावाचं नकारार्थी रूप सर्रास 'गरज नाही' अशा अर्थाने वापरतात. नेदरलँड्समधे त्यासाठी 'हूवन' हे वेगळं क्रियापद आहे म्हणून तिकडे हा त्रास कमी. माझी अँटवर्पची एक विद्यार्थिनी, शिपिंगच्या ऑफिसात कामाला, तिने पुण्याच्या टीमला मेल टाकला की शुक्रवारच्या कॉलला 'यू मस्ट नॉट जॉइन'. तिच्या मनात काय, तर तुमच्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, उगाच कशाला जागता. पुण्यात वाचलं गेलं, येऊ नका. तिकडून एका शब्दाचं उत्तर आलं, 'नोटेड', आणि पुढच्या कॉललाही कोणी फिरकलं नाही. ही बिचारी मेलची प्रिंट घेऊन वर्गात, यात चूक काय ते दाखवा म्हणून, आणि खरं सांगायचं तर स्पेलिंग बरोबर, वाक्य बरोबर, फक्त 'नाही आलात तरी चालेल' च्या जागी 'खबरदार आलात तर' झालेलं.

तेव्हापासून माझ्या वर्गात मस्टवर सरळ बंदी. हॅव टू आणि डोन्ट हॅव टू, बस. मस्ट नॉट पाटीवर दिसलं तर वाचायचं, स्वतः लिहायचं नाही. व्याकरणवाल्यांना हे पटणार नाही, नको पटू दे.

दुसरं वुड. डच पेपरमधे ऐकीव बातमी 'झाउ', म्हणजे त्यांचं वुड, लावून देतात, आपलं 'म्हणे' असतं ना तसं, मंत्र्याने म्हणे राजीनामा दिला. त्याचं हे लोक करतात 'द मिनिस्टर वुड हॅव रिझाइन्ड', आणि इंग्रज वाचणारा वाट बघत बसतो की दिला असता, पण कधी, काय झालं असतं तर? रिपोर्टेडली लिहा आणि मोकळे व्हा.

बाकीच्या चटकन सांगते. 'आय मस्ट टू द डेंटिस्ट' डचमधे क्रियापद गाळून चालतं, इंग्रजीत गो लागतं. 'आय विल कॅन कम' नाही, विल बी एबल टू. आत सोडलं नाही हे सांगायला 'वी माइट नॉट गो इन' लिहू नका, वेअरन्ट अलाउड टू लिहा. आपल्याकडची डच शाळेत शिकणारी पोरंही यातलं बरंच घरी घेऊन येतात, लक्ष ठेवा.

आता -इंग. कुठल्या क्रियापदानंतर टू नाही तर -इंग येतं, याची सगळ्यांना यादी हवी असते, मॅडम ते पन्नास व्हर्ब पाठवा ना, पाठ करतो. नाही पाठवत. मंगळवारी पाठ केलेली यादी गुरुवारी उडालेली असते आणि रील बघून शिकणाऱ्यांची तर त्याच संध्याकाळी. एन्जॉय, अव्हॉइड आणि सजेस्ट एवढे तीन पक्के करा, बाकी वाचनातून येतात. डचमधे 'न बोलता' म्हणायलाही टू-वालं रूपच चालतं, त्यामुळे 'विदाउट टू से' येतं, तर विदाउट, आफ्टर, इन्स्टेड ऑफ यांच्यानंतरच्या क्रियापदाला डोळे मिटून -इंग लावा. खरा त्रास लुक फॉरवर्ड टू चा. तिथे मी टू नंतर एखादं साधं नाम ठेवून बघायला लावते. 'लुक फॉरवर्ड टू द वीकेंड' जमतंय? मग सीइंग यू, सी यू नाही. 'आय एम यूज्ड टू द नॉइज' जमतंय? मग वर्किंग. आणि सिगरेट सोडली असेल तर 'स्टॉप्ड टू स्मोक' म्हणू नका, त्याचा अर्थ सिगरेट ओढायला थांबलो असा होतो.

शेवटचं, डचमधे आधीच घुसलेले -इंगवाले शब्द. 'वी स्लेप्ट ऑन अ कॅम्पिंग', गाडी पार्किंगमधे, आणि लग्नाला नवरदेव स्मोकिंगमधे. पार्किंगवरून मी बोलत नाही, आपणही गाडी पार्किंगलाच लावतो. पण इंग्रजीत लिहिताना कॅम्पसाइट, कार पार्क आणि टक्सेडो.