गाओकाओच्या इंग्रजी उताऱ्यांचा सराव: या चुका टाळा

गाओकाओ म्हणजे बारावीनंतरची चीनमधली महाविद्यालय प्रवेश परीक्षा. तिचा राष्ट्रीय इंग्रजी पेपर १५० गुणांचा असतो आणि वेळ १२० मिनिटं. बीजिंग, शांघाय आणि त्यांजिन यांचे पेपर वेगळे असतात, त्यामुळे इथलं सगळं राष्ट्रीय पेपरबद्दल आहे. त्यात वाचनाला ५० गुण आहेत. चार उताऱ्यांवरचे १५ प्रश्न प्रत्येकी २.५ गुणांचे, म्हणजे ३७.५. उरलेले १२.५ गुण गाळलेल्या वाक्यांच्या उताऱ्याचे, ज्यात सात वाक्यांतून पाच निवडून जागा भरायच्या असतात. पेपरचा एक तृतीयांश भाग इथे आहे. गाओसानची, म्हणजे आपल्या बारावीच्या वर्षातली, मुलं यासाठी कष्टही प्रचंड करतात. तरी बहुतेकांचे गुण एका जागी अडकतात आणि कारणं वर्षानुवर्षं तीच असतात.

उत्तरसूची पाहून पुढचा उतारा घेणं

सर्वांत महाग पडणारी चूक ही. प्रश्नांमागून प्रश्न उपसत राहण्याला चिनी मुलं 'शुआती' म्हणतात. रोज चार उतारे, १५ प्रश्न, त्यांतले चार चुकले. उत्तरसूचीत 'डी' दिसलं, लाल पेनाने 'डी' लिहिलं, पान उलटलं. चुकलेल्या चार प्रश्नांना मिळून एक मिनिटही दिलं नाही. असे शंभर दिवस केले तर चारशे चुका होतात, आणि त्यांतली एकही समजलेली नसते.

नेमकं काय निसटतं ते एका बनवलेल्या उदाहरणावरून पाहू. समजा, उतारा शहरी पक्ष्यांवर आहे. आधीच्या संशोधकांचा समज होता की गोंगाटात पक्षी जास्त मोठ्याने गातात. नव्या गटाने ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा काही पक्षी गोंगाट वाढला की वरच्या पट्टीत गातात असं दिसलं. प्रश्न: नव्या गटाला काय आढळलं? पर्याय ए: पक्षी जास्त मोठ्याने गातात. बी: शहरातले सगळे पक्षी वरच्या पट्टीत गातात. सी: पक्षी शहर सोडून जातात. डी: काही पक्षी परिस्थितीप्रमाणे गाणं बदलतात.

घाईत वाचणारा विद्यार्थी हमखास 'ए' निवडतो, कारण 'सिंग लाउडर' हे शब्द उताऱ्यात जसेच्या तसे आहेत. बरोबर उत्तर 'डी' आहे, आणि त्यात उताऱ्यातले शब्द जवळपास नाहीतच. पेपर काढणारा बरोबर उत्तराला नवे शब्द देतो आणि उताऱ्यातले ओळखीचे शब्द चुकीच्या पर्यायावर चढवतो. नुसतं 'डी' लिहिणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

चिनी शिक्षकांनी या सापळ्यांना नेमकी नावं दिली आहेत, ती पाठ करण्यासारखी आहेत. वरचा 'ए' म्हणजे 'जांग ग्वान ली दाय', जांगची टोपी लीच्या डोक्यावर. मराठीतही आपण याची टोपी त्याच्या डोक्यावर असंच म्हणतो. इथे जुन्या संशोधकांचं मत नव्यांच्या नावावर गेलं. 'बी'मध्ये काहींचे सगळे झाले, म्हणजे भागालाच पूर्ण मानलं. 'सी' हवेतून काढलेला, त्याला उताऱ्यात आधारच नाही. चौथा प्रकार गुपचूप कल्पना बदलण्याचा: उताऱ्यात किंमत कमी झाली, पर्यायात खर्च कमी झाला.

म्हणून चुकांची वही ठेवा, पण प्रश्न कापून चिकटवण्यासाठी नव्हे. चुकलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर पाहिल्यावर ते ज्या वाक्यातून येतं ते वाक्य उताऱ्यात शोधून अधोरेखित करा. मग उरलेल्या तीन पर्यायांपुढे वरच्या चारांपैकी एक नाव लिहा. एका प्रश्नाला पाच मिनिटं लागतात. दिवसाला दोनच उतारे झाले तरी चालेल. तीन आठवड्यांनी वही चाळली की एकाच नावाची गर्दी दिसते, आणि तोच तुमचा खरा आजार असतो.

ठोकताळ्यांवर विसंबणं

'तीन लांब, एक आखूड, तर आखूड निवडा. तीन आखूड, एक लांब, तर लांब निवडा.' हे यमक चीनमधल्या शाळकरी मुलांना तोंडपाठ असतं. प्रश्न अजिबात कळला नाही आणि शेवटचा अर्धा मिनिट उरला, तर काहीतरी खूण करायलाच हवी, कारण चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. पण हे सरावात वापरणं म्हणजे वाचणं सोडून देणं आहे.

त्याहून घातक ठोकताळा म्हणजे 'ऑल', 'नेव्हर', 'ओन्ली' असलेला पर्याय चुकीचाच. पक्ष्यांच्या प्रश्नात तो लागू पडला, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. मग पहिला उतारा येतो, जो बहुतेकदा जाहिरात, सूचना किंवा माहितीपत्रक असतो. त्यात नियम ठाम भाषेतच लिहिलेले असतात: प्रत्येक मुलासोबत मोठी व्यक्ती हवीच, तिकिटाचे पैसे कोणत्याही कारणाने परत मिळणार नाहीत. तिथे ठाम शब्दाचा पर्यायच बरोबर निघतो. शब्द ठाम आहे की नाही यापेक्षा उताऱ्यातलं वाक्य तितकंच ठाम आहे का, एवढंच तपासायचं.

इंग्रजी वाक्य उलटं वाचणं

हे मराठी माध्यमातून इंग्रजी शिकलेल्यांना लगेच उमगेल. 'द वुमन हू रन्स द शॉप दॅट सेल्स ओल्ड क्लॉक्स' हे वाक्य मनात मराठीत केलं तर 'जुनी घड्याळं विकणारं दुकान चालवणारी बाई' असं होतं. इंग्रजीतलं शेवटचं आधी आलं. चिनी भाषेतही विशेषण-वाक्य 'द' हा प्रत्यय लावून नामाच्या आधी बसतं, त्यामुळे चिनी विद्यार्थ्याचे डोळेही वाक्याच्या टोकापर्यंत जाऊन मागे फिरतात. प्रत्येक लांब वाक्य दोनदा वाचलं जातं आणि चौथ्या उताऱ्यापर्यंत वेळ संपतो.

सरावात पेन्सिलने नामानंतर तिरकी रेघ मारा आणि पुढेच चालत राहा: बाई / ती दुकान चालवते / तिथे जुनी घड्याळं विकतात. मागे फिरायचं नाही, सुबक भाषांतर करायचं नाही. रोज दहा वाक्यं पुरेत. महिन्याभरात रेघेची गरज संपते.

बाकीच्या, थोडक्यात

उतारा वाचण्याआधी पर्याय वाचू नका. चारांपैकी तीन विधानं खोटी असतात आणि ती डोक्यात शिरून बसतात. फक्त प्रश्न वाचा.

प्रत्येक अनोळखी शब्दाला कोश उघडू नका. अभ्यासक्रमाबाहेरच्या काही शब्दांचा चिनी अर्थ पेपरात कंसात दिलेला असतो, आणि बाकीच्यांचा अंदाज बांधणं हीच परीक्षा असते. शब्द उतारा संपल्यावर पाहा.

त्यापेक्षा ओळखीच्या शब्दांना घाबरा. 'ॲड्रेस' म्हणजे प्रश्न हाताळणं, 'कव्हर' म्हणजे अंतर कापणं, 'फाइन' म्हणजे दंड. गाओकाओसाठीची ३५०० शब्दांची यादी 'अबँडन'पासून घोकणाऱ्यांना एका शब्दाचा एकच अर्थ माहीत असतो.

गाळलेल्या वाक्यांत एक चूक सहसा दुसरी घडवते, म्हणजे पाच गुण जातात. खात्रीच्या जागा आधी भरा. उरलेल्या ठिकाणी 'दे', 'धिस', 'हाउएव्हर' हे शब्द मागच्या वाक्यातल्या कशाला धरून आहेत ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

नकली प्रश्नसंच संपवण्यापेक्षा जुने खरे पेपर पुन्हा करा; खऱ्या पेपरातला चुकीचा पर्याय जास्त काळजीने घडवलेला असतो. शेवटच्या तीन वर्षांचे पेपर वसंतापर्यंत न उघडता ठेवा.

ते उघडाल तेव्हा घड्याळ लावून सोडवा. ऐकण्याच्या भागाला सुमारे २० मिनिटं जातात, राहतात १००. पहिला उतारा ६ मिनिटं, पुढचे तीन प्रत्येकी ८, गाळलेली वाक्यं ८, रिकाम्या जागांचा उतारा १४, व्याकरण ८. लेखनाच्या दोन प्रश्नांना ४० मिनिटं हातात राहतात आणि ती लागतातच, कारण तिथेही ४० गुण आहेत. एका प्रश्नावर दोन मिनिटं झाली की खूण करून पुढे जा.

उत्तरपत्रिकेवरचे चौकोन २बी पेन्सिलने, एकेक उतारा संपला की लगेच भरा. पंधराही शेवटी एकदम भरायला घेतले आणि मधला एक प्रश्न सोडलेला असला, की खालची सगळी उत्तरं एक घर सरकतात.