परदेशात नागरिकांचे बळी घेणाऱ्या कंत्राटदारांवर खटला : या चुका टाळा

खासगी लष्करी कंत्राटदारांच्या गोळीबारात नागरिक मेले की महिन्याभरात त्यावरची टिपणं माझ्याकडे वाचायला येऊ लागतात. लिहिणारे बहुतेक कायद्याचे विद्यार्थी, नाहीतर मानवाधिकार संस्थांतले नवे कार्यकर्ते. संताप खरा असतो. चुका मात्र वर्षानुवर्षं त्याच.

सगळ्यात घातक चूक जबाबांची. १६ सप्टेंबर २००७ला बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या रक्षकांनी गोळीबार केला आणि १७ इराकी नागरिक मारले गेले. हे रक्षक अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या कंत्राटावर होते. खात्याने त्यांचे जबाब तातडीने घेतले, पण सक्तीने: दिला नाही तर नोकरी जाईल, दिला तर फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरणार नाही. पुढे हे जबाब वृत्तपत्रांत फुटले, साक्षीदारांच्याही वाचनात आले. एफबीआयचे तपासनीस बगदादला पोचायला दोन आठवड्यांहून जास्त गेले. अमेरिकेत सक्तीच्या जबाबातून निघालेला पुरावा आरोपीविरुद्ध चालत नाही. तपासात आणि आरोपनिश्चितीत तो मिसळला, म्हणून ३१ डिसेंबर २००९ला न्यायाधीश रिकार्डो अर्बिना यांनी आरोप रद्द केले.

२०११मध्ये अपील न्यायालयाने खटला पुन्हा उभा केला. पुरावा सरसकट फेकू नका, एकेक तपासा, असं सांगितलं. पण या सगळ्यात निकोलस स्लॅटन या रक्षकावरच्या मनुष्यवधाच्या आरोपाची मुदत संपली आणि त्याच्यावर थेट खुनाचा आरोप ठेवावा लागला, कारण खुनाला मुदत नाही. चौघा रक्षकांना शिक्षा सुनावली गेली तेव्हा २०१५ साल उजाडलं होतं.

ही चूक सरकारी अधिकाऱ्यांची होती, आमचा काय संबंध, असं नवखे विचारतात. संबंध असा, की तुम्हीही साक्षीदाराचा व्हिडिओ काढून त्याच संध्याकाळी सगळीकडे पाठवता. मग दुसरा साक्षीदार तो बघून बोलतो, आणि बचावाच्या वकिलाला उलटतपासणीचं साहित्य आयतं मिळतं. माझी पद्धत ठरलेली आहे. एका साक्षीदाराशी एकाच माणसाने, एकट्यात बोलायचं. ‘तुम्ही काय पाहिलंत?’ एवढंच विचारायचं. ‘विनाकारण गोळ्या झाडल्या ना?’ असं कधीही नाही. मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम प्रतीवर करायचं. ज्याला बातमीची घाई आहे त्याने या कामात पडूच नये.

दुसरी चूक कंत्राट न वाचण्याची. ‘यांना कुठलाच कायदा लागू नाही’ हे वाक्य मी खोडून खोडून थकलो. इराकमध्ये ताबा सरकारच्या (अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या तात्पुरत्या प्रशासनाच्या) आदेश क्रमांक १७ने कंत्राटदारांना त्यांच्या कंत्राटाखालच्या कामापुरतं इराकी न्यायालयांपासून संरक्षण दिलं होतं, हे खरं. पण परदेशातल्या गुन्ह्यांचा खटला अमेरिकेत चालवू देणारा अमेरिकेचा मिलिटरी एक्स्ट्राटेरिटोरियल ज्युरिसडिक्शन ॲक्ट २०००पासून होता. तो मुळात संरक्षण खात्याच्या माणसांसाठी. इराकमधल्या अबू गरीब तुरुंगातला कैद्यांचा छळ उघड झाल्यावर २००४मध्ये इतर खात्यांचे कंत्राटदारही त्यात आले, मात्र त्यांचं काम संरक्षण खात्याच्या मोहिमेला साहाय्य करणारं असेल तरच. निसूर खटल्यात बचावाने नेमकं इथेच बोट ठेवलं: आम्ही मुत्सद्द्यांचं रक्षण करत होतो, सैन्याचं काम नव्हे. शिवाय यजमान देशाचाच नागरिक असलेला कंत्राटी रक्षक या कायद्यातून सुटतो. म्हणून मी टिपणाच्या पहिल्या पानावर चारच गोष्टी मागतो: कंत्राट कोणत्या खात्याचं, त्या दिवशीचं काम काय, गोळी झाडणाऱ्याचं नागरिकत्व कुठलं, आणि त्या तारखेला तिथे कोणता आदेश लागू होता. बातम्यांवरून ही उत्तरं लिहिलेलं टिपण मी परत पाठवतो.

अर्जात ‘भाडोत्री सैनिक’ लिहू नका. जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये भाडोत्री सैनिकाच्या व्याख्येत दिलेल्या सहाही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात, आणि लढणाऱ्या देशाचा नागरिक तर सरळ वगळला जातो.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात कंपनीला खेचू, हेही नको. तिथे फक्त माणसांवर खटला चालतो, आणि अमेरिका व इराक दोघेही त्याचे सदस्य नाहीत.

खासगी लष्करी कंपन्यांबाबतचा २००८चा माँत्रो दस्तऐवज कायदा म्हणून उद्धृत करू नका. तो कोणावर बंधनकारक नाही.

शेवटची चूक एकाच वाटेवर विसंबण्याची. निसूरच्या चौघा दोषींना डिसेंबर २०२०मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी माफी दिली आणि इतक्या वर्षांचं काम एका सहीत गेलं. माफीने दिवाणी दावा मात्र संपत नाही. अबू गरीबमधल्या छळाबद्दल सीएसीआय या कंत्राटदार कंपनीवर २००८मध्ये दाखल झालेल्या दाव्यात नोव्हेंबर २०२४मध्ये ज्युरीने तीन इराकींना एकूण ४.२ कोटी डॉलर मंजूर केले. मात्र तशाच तक्रारींचा दुसरा दावा २००९मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने, कंत्राटदार सैन्याच्या लढाऊ कारवाईचा भाग होते म्हणून, चालूच दिला नव्हता. तेव्हा दावा कुठे लावायचा आणि त्याची मुदत कधी संपते, हे फौजदारी तपासाची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात वकिलाकडून लेखी घ्या. आणि मृताच्या घरच्यांना ‘लवकरच न्याय मिळेल’ म्हणू नका. पंधरा वर्षं लागू शकतात, हे पहिल्या भेटीतच सांगा.