परदेशातून मदत मागायची वेळ येण्यापूर्वी: नागपूरच्या वीजकेंद्रासाठी तयारीची यादी

कोराडी किंवा खापरखेड्यासारख्या केंद्रावर परदेशातून सायबर हल्ला झाला, तर त्या देशाशी बोलणी दिल्लीतूनच होतात. मात्र दिल्लीला पुढे काय मागता येईल, हे आपण इथून काय पाठवतो यावर ठरते.

त्यामुळे कोणाला कळवायचे, हे आधी लिहून ठेवावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०अ नुसार एनसीआयआयपीसी (देशाच्या अत्यावश्यक संगणक यंत्रणांच्या संरक्षणाची केंद्रीय संस्था) आणि कलम ७०ब नुसार सर्ट-इन (सायबर घटनांना प्रतिसाद देणारे राष्ट्रीय पथक) या त्या दोन संस्था आहेत. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इनला कळवणे २०२२ च्या निर्देशांनी बंधनकारक केले आहे. रात्रपाळीत हे तास कसे सरतात ते कळत नाही, म्हणून जबाबदार अधिकारी व त्यांचे पर्यायी अधिकारी यांचे क्रमांक नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर कागदावरच लावावेत.

सर्वांत जास्त कष्ट घड्याळांवर घ्यावेत. परदेशातील सेवादार एकच आयपी पत्ता (इंटरनेटवरील जोडणीचा क्रमांक) अनेक ग्राहकांना वाटून देतो. त्यामुळे पोर्ट क्रमांक (त्या पत्त्यावरील नेमकी जोडणी दाखवणारा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ दिल्याशिवाय नेमका ग्राहक शोधता येत नाही. एका सरावात आम्हाला एक जुना संगणक ११ मिनिटे मागे चालताना आढळला. पाळीची नोंदवही मनगटी घड्याळ पाहून भरली जात असल्याने ते कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. नियंत्रणाचे जाळे इंटरनेटपासून तोडलेले असेल, तर त्याला वेळ पुरवणारा स्वतंत्र सर्व्हर हवाच. प्रत्येक नोंदीत भारतीय प्रमाणवेळ की युटीसी (जागतिक प्रमाणवेळ), हे स्पष्ट असावे, कारण ५ तास ३० मिनिटांच्या घोळात परदेशी पथक भलत्याच नोंदी तपासत बसेल. लॉग, म्हणजे यंत्रणांनी आपोआप केलेल्या नोंदी, किमान १८० दिवस भारतातच जपावेत.

तांत्रिक मदत आणि न्यायालयीन पुरावा यांचे मार्ग वेगळे आहेत. पहिली सर्ट-इन आपल्या समकक्ष पथकांकडून, फर्स्ट (जागतिक) आणि एपीसर्ट (आशिया-पॅसिफिक) या अशा पथकांच्या संघटनांच्या सदस्यत्वामुळे, तुलनेने लवकर मिळवू शकते. दुसऱ्यासाठी गृह मंत्रालयामार्फत परस्पर कायदेशीर साहाय्याची विनंती जाते, आणि भारत सायबर गुन्ह्यांवरील आंतरराष्ट्रीय बुडापेस्ट कराराचा सदस्य नसल्याने त्या करारातील सोय आपल्याला नाही. म्हणून डिस्कची प्रत घेतानाच हॅश मूल्य (प्रतीत बदल झालेला नाही हे पडताळणारा सांकेतिक आकडा) नोंदवावे आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र तयार ठेवावे. परदेशी सेवादाराकडील नोंदी पुसल्या जाऊ नयेत, ही विनंती पहिल्याच पत्रात करावी.

पाठवलेली माहिती पुढे कोणाला दाखवता येईल, हे ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल या रंगसंकेत पद्धतीतील रंगाने प्रत्येक पानावर नोंदवावे; लाल म्हणजे फक्त ज्याला दिली त्याच्यापुरती.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या २०१५ च्या अहवालात संकटातील देशाच्या विनंतीला प्रतिसाद देण्याची अपेक्षा आहे, पण ती ऐच्छिक आहे. म्हणून मागणी मोघम नको. काय घडले, केव्हा घडले आणि नेमके काय हवे, एवढ्याचा एक पानी इंग्रजी मसुदा आधीच तयार असावा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की संच थांबवून काही तपासणे अवघड होते. तेव्हा हा मसुदा भरून पाहण्याचा सराव जानेवारीतच, आणि तोही रात्रपाळीत, घ्यावा.