जुनी ऑफ-रोड बाइक नक्की कोणती? नंबरांवरून असं कळलं

कागद नाहीत, टाकीवरचं स्टिकर एका मॉडेलचं, मडगार्ड दुसऱ्याचं, आणि चासी नंबर इंजिन नंबरशी जुळेना. फोटो ताडून पाहणं म्हणजे निव्वळ वैताग. या गाड्यांच्या टाक्या सर्रास बदललेल्या असतात.

जमलं ते असं: हँडल पूर्ण वळवून स्टीअरिंग हेडवरचा (हँडल ज्यात फिरतं ती चासीची पुढची नळी, चासी नंबर तिथेच कोरलेला असतो) रंग पेंट रिमूव्हरने मऊ केला, पितळी ब्रशने काढला (सँडपेपर नको, अक्षरं झिजतात). खडू चोळून टॉर्च तिरका धरला. मग क्रँककेसवरचा (इंजिनाच्या खालच्या कवचावरचा) इंजिन नंबर, डॅशसकट उतरवला.

जुळवायची ती फक्त डॅशआधीची अक्षरं. चासीवर एमडी०३, इंजिनावर एमडी०३ई, म्हणजे होंडा एक्सएल २५० आर. डॅशनंतरचे आकडे होंडात कारखान्यातूनच वेगळे येतात. म्हणजे इंजिन त्याच मॉडेलचं होतं! अमेरिकेत विकलेल्या गाडीचा नंबर १७ अक्षरी असेल, तर दहावं अक्षर मॉडेलवर्षाचं: सी असेल तर १९८२.