पावसाच्या थेंबांच्या आकारमानाचे सांख्यिकी प्रतिमान : या चुका टाळा

थेंबांच्या व्यासांना घातांकी किंवा गॅमा वितरण (कोणत्या व्यासाचे थेंब किती, हे सांगणारे गणिती सूत्र) जुळवताना उत्तरे विचित्र आली, की दोष बहुधा वितरणाच्या निवडीला दिला जातो. प्रत्यक्षात गफलत पुष्कळदा त्याआधीच, मोजलेल्या आकड्यांचा अर्थ लावताना झालेली असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डिसड्रोमीटरने नोंदलेली संख्या हीच हवेतील थेंबांची संख्या मानणे. हे उपकरण ठरावीक क्षेत्रफळातून ठरावीक वेळात गेलेले थेंब मोजते. प्रतिमानाला मात्र एक घनमीटर हवेत, व्यासाच्या दर मिलिमीटर अंतरामागे किती थेंब आहेत, हे हवे असते. १ मिमी व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने पडतो आणि ४ मिमी व्यासाचा सुमारे ८.८ मीटर वेगाने, त्यामुळे हवेत दोघांची संख्या सारखी असली तरी मोठे थेंब दुपटीहून अधिक नोंदले जातात. म्हणून प्रत्येक वर्गातील (व्यासाच्या प्रत्येक टप्प्यातील) संख्येला क्षेत्रफळ, कालावधी, पतनवेग आणि वर्गाची रुंदी यांच्या गुणाकाराने भागावे. रुंदीचा विसर पडला आणि वर्ग असमान असले, तर आलेखात खोट्या पायऱ्या दिसतात व त्यांना भौतिक कारणे शोधण्यात वेळ जातो.

दुसरी चूक परिबलांच्या, म्हणजे व्यासांच्या निरनिराळ्या घातांच्या बेरजांवरून वितरण ठरवण्याच्या पद्धतीची आहे. रडारची परावर्तनक्षमता (थेंबांवरून परतणाऱ्या संकेताचे माप) व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असल्याने ४ मिमीचा एकच थेंब १ मिमीच्या ४०९६ थेंबांइतका भरतो. ५० चौरस सेंटिमीटरचे उपकरण एका मिनिटात १ मिमी थेंबांसाठी जेमतेम १.२ घनमीटर हवा तपासते. एवढ्या नमुन्यात मोठे, दुर्मीळ थेंब अनेकदा सापडतच नाहीत, उच्च परिबले कमी भरतात आणि मूळ वितरण घातांकी असतानाही गॅमाचा आकार-प्राचल (वक्राचा आकार ठरवणारा आकडा) वाढलेला दिसतो. शक्यतो खालच्या घातांची परिबले वापरावीत. कमाल शक्यता पद्धत (मिळालेल्या नोंदी सर्वाधिक संभाव्य ठरवणारी प्राचले शोधण्याची रीत) निवडल्यास उपकरणाला न दिसणाऱ्या बारीक थेंबांसाठी छेदित (ठरावीक व्यासाखालचा भाग वगळलेले) वितरण घेणे आवश्यक आहे, अन्यथा तीही तितकीच फसवते.

मार्शल आणि पामर यांच्या १९४८ च्या घातांकी सूत्रातील ८००० (दर घनमीटर, दर मिलिमीटर) हा स्थिरांक सरासरी वर्तनाचा आहे. तो एकेका मिनिटाच्या नोंदीवर लादू नये. गॅमा वितरणात त्याच जागी येणाऱ्या प्राचलाचे एककच आकार-प्राचलानुसार बदलते, तेव्हा दोन सरींमध्ये त्याची तुलना करणे निरर्थक ठरते. तुलनेसाठी वस्तुमान-भारित सरासरी व्यास (थेंबांना त्यांच्या वस्तुमानाप्रमाणे महत्त्व देऊन काढलेला) आणि प्रसामान्यीकृत छेदांक (त्याच प्राचलाचे, एकक न बदलणारे रूप) वापरावेत.

तासाभराच्या नोंदी एकत्र करून वक्र गुळगुळीत झाला, तर हुरळून जाऊ नये : वेगवेगळ्या सरी मिसळल्या की वितरण घातांकी दिसू लागते. जुळणी पडताळताना तिच्यातून काढलेला पाऊस पर्जन्यमापकाशी ताडून पाहावा, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण पर्जन्यमान व्यासाच्या साधारण ३.६७ व्या घाताशी निगडित असल्याने ते बरोबर येऊनही परावर्तनक्षमता चुकू शकते.