वाडीतल्या लाकडाची पडवी

मुरबाड-शहापूरकडच्या वाडीत वादळाने पडलेला आंबा किंवा फणस सरपणाला देण्याआधी त्यातून अवजारांची पडवी उभी राहील का, हे जरूर पाहावे. आंबा, फणस, साग, ऐन, जांभूळ ही झाडे 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत असल्यामुळे झाड पडलेले असले तरी आधी वन विभागाकडे कागदपत्रे पूर्ण करावीत, ठाणे शहराच्या हद्दीत असल्यास महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जावे आणि मगच ओंडका परवानाधारक वखारीत न्यावा.

फळ्या सव्वा इंच जाडीच्या काढून घ्याव्यात, कारण सुकताना आणि रंधा मारताना त्यातला थोडा भाग जातोच. खरा कस लागतो तो सुकवताना. माझ्या पहिल्या फळ्या मी नुसत्या एकावर एक रचल्या. पंधरा दिवसांनी जिथे फळी फळीला टेकली होती तिथे काजळीसारखी काळी बुरशी आली आणि वरच्या फळ्या पिळल्या. म्हणून थर जमिनीपासून फूटभर उंच ठेवावा, दर दीड फुटावर एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या एकाच उभ्या रेषेत घालाव्यात, टोकांना तैलरंग लावावा, वर दगडांचे वजन ठेवावे आणि पत्रा टाकावा, मात्र बाजू मोकळ्या ठेवाव्यात. दर इंच जाडीला साधारण एक वर्ष हा जुना अडाखा आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड पुन्हा ओलावा ओढते, त्यामुळे कापणी दिवाळीनंतर करावी आणि जोडकाम मधला एक पावसाळा जाऊ देऊन त्यापुढच्या उन्हाळ्यात हाती घ्यावे. एक छोटा तुकडा दर आठवड्याला वजन करून पाहावा. वजन घटायचे थांबले की लाकूड तयार झाले.

आंब्याला भुंगा आणि वाळवी फार लवकर लागते. लाकूड ओले असतानाच 10 लिटर कोमट पाण्यात 300 ग्रॅम बोरॅक्स आणि 200 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून दोन-तीन हात द्यावेत. हे द्रावण पावसाने धुऊन जाते, म्हणून आंबा फक्त छपराखालच्या मांडण्यांना वापरावा. खांबांसाठी ऐन किंवा फणसाचा पक्का गाभाच घ्यावा आणि कडेचे पांढरे लाकूड काढून टाकावे.

खांब मातीत किंवा काँक्रीटमध्ये कधीही गाडू नये, बुंध्याशी पाणी साचून तो तिथेच कुजतो. फूटभर उंच जोत्यावर घडीव दगड बसवून त्यावर तो उभा करावा आणि लोखंडी पट्टीने जखडावा. तुळईला खोबण पाडून त्यात खांबाची कूस, म्हणजे टोकाला कोरून काढलेली जीभ, बसवावी, कोपऱ्यांत तिरके टेकू द्यावेत आणि पागोळ्या खांबापासून लांब पडतील इतके, निदान दोन फूट, छप्पर पुढे काढावे.