एडिटरसाठी स्टँडर्ड लायब्ररी लिहिताय? या चुका टाळा

विम या टेक्स्ट एडिटरची दोन-चार प्लगिन (एडिटरला जोडायच्या छोट्या सोयी) लिहून झाली की प्रत्येकात तीच फंक्शनं दिसायला लागतात: ओळीच्या कडेच्या स्पेस काढा, लिस्टमधले दुबार गाळा, पाथ जोडा. मग कधीतरी ते सगळं उचलून ‘युटिल्स’ नावाच्या फोल्डरात जातं. बऱ्याच लायब्रऱ्यांचा जन्म असाच होतो आणि त्यात वावगं काही नाही. पंचाईत पुढे होते, कारण एडिटरच्या स्क्रिप्टिंग भाषेत वापरणाऱ्याची सेटिंग्ज थेट भाषेत शिरलेली असतात. पायथनमध्ये दोन स्ट्रिंग सारख्या आहेत का, याचं उत्तर समोरच्याच्या आवडीनिवडीवर ठरत नाही. विमच्या स्क्रिप्टिंग भाषेत, म्हणजे जुन्या विमस्क्रिप्टमध्ये, ठरतं. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

साधं == वापरणं

लक्षण: ‘लिस्टमध्ये हा शब्द आहे का’ सांगणारं फंक्शन तुमच्याकडे बरोबर चालतं, पण बग कळवणाऱ्याकडे कॅपिटल-स्मॉल सगळं एकच मानतं. त्याला ‘:व्हर्बोज सेट इग्नोअरकेस?’ चालवायला सांगा. सेटिंग चालू आहे का आणि कोणत्या फाइलने ती लावली, हे दोन्ही कळतं. ही सेटिंग कॅपिटल-स्मॉलचा फरक पुसते; सर्चची सोय म्हणून अनेक जण ती चालू ठेवतात, आणि विमस्क्रिप्टचं == आणि =~ तीच सेटिंग पाहतात. लायब्ररीत नेहमी ==# (फरक पाळणारं) किंवा ==? (न पाळणारं) लिहा; साधं == दिसलं की रिव्ह्यूमध्ये अडवा. शोधून बदलणारं सब्स्टिट्यूट फंक्शन इतर सेटिंग्जच्या बाबतीत शहाणं आहे, ‘मॅजिक’ (पॅटर्नमधल्या खास चिन्हांचा अर्थ ठरवणारी सेटिंग) लावलेलंच आहे असं धरून चालतं, पण इग्नोअरकेसला तेही बळी पडतं. म्हणून पॅटर्नमध्येच बॅकस्लॅश आणि कॅपिटल सी घालून ठेवा, म्हणजे फरक पाळला जातो.

याच == चा आणखी एक प्रताप: 'पुणे' == ० याचं उत्तर जुन्या विमस्क्रिप्टमध्ये ‘खरं’ येतं. आकड्याशी तुलना करताना स्ट्रिंगचा आधी आकडा होतो आणि ‘पुणे’चा आकडा शून्य. २०२२ साली विम ९.० सोबत आलेल्या विम९ स्क्रिप्टने या दोन्ही गोष्टी सुधारल्या, पण विममधूनच निघालेला निओविम हा एडिटर ती भाषा चालवत नाही. दोन्ही एडिटरांसाठी एकच लायब्ररी ठेवायची तर जुन्या भाषेशी जुळवून घ्यावंच लागतं.

‘लांबी’ कशाची ते न ठरवणं

इथे आपल्याला इंग्रजीवाल्यांपेक्षा एक फायदा आहे: चूक लगेच डोळ्यांना दिसते. विमस्क्रिप्टच्या स्ट्रलेनला ‘मराठी’ शब्द द्या, उत्तर १५ येतं. स्ट्रचार्सला द्या, ५. स्ट्रचारलेनला द्या, ३. तिघंही बरोबर आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून १५. म, र, काना, ठ, वेलांटी असे कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) मोजले की ५. काना-वेलांटी मागच्या अक्षरातच धरली की ३.

आता लायब्ररीतलं ‘स्ट्रिंग छोटी करा’ हे फंक्शन घ्या. आत कोणीतरी साधं स्लायसिंग केलंय, पहिले १० घ्या म्हणून. ‘महाराष्ट्र’ दिलं की स्टेटसलाइनवर ‘महा’ आणि त्यापुढे कोनी कंसात ई-शून्य असं काहीतरी उमटतं. पहिल्या ९ बाइटांत म, ह आणि काना आला. दहावा बाइट ‘र’चा पहिला तुकडा. असं काही दिसलं की फॉन्टला दोष देत बसू नका, कापाकापी बाइटवर झाली आहे. जागेत बसवण्यासाठी कापायचं असेल तर बाइटही नको आणि कोडपॉइंटही नको, पडद्यावरची रुंदी हवी. त्यासाठी स्ट्रडिस्प्लेविड्थ आहे.

लँग्वेज सर्व्हर (कोड समजून एडिटरला सूचना देणारा वेगळा प्रोग्रॅम) जोडला की आणखी एक माप येतं. त्याच्याशी बोलायच्या प्रोटोकॉलमध्ये ओळीतली जागा मुळात यूटीएफ-१६ मध्ये मोजतात. वेगळं माप ठरवायची सोय ३.१७ आवृत्तीत आली. ‘मराठी’ तिथेही ५ च, त्यामुळे कोडपॉइंट मोजणारा कोड देवनागरीच्या टेस्ट आरामात पास करतो. इमोजी आला की घसरतो, कारण यूटीएफ-१६ मध्ये इमोजी दोन जागा खातो. टेस्टमध्ये इंग्रजी, देवनागरी आणि इमोजी असलेली एक ओळ कायमची ठेवा. शिवाय निओविमच्या एपीआयमध्ये कर्सरची ओळ १ पासून आणि कॉलम ० पासून मोजतात, तर बफरच्या (एडिटरमध्ये उघडलेल्या मजकुराच्या) ओळी ० पासून. हे पाठ करण्यापेक्षा फंक्शनच्या आणि व्हेरिएबलच्या नावातच माप लिहा: बाइट, अक्षर की रुंदी. नावं लांब होतात. होऊ द्या.

स्प्लिटचे दोन अवतार

विमस्क्रिप्टमधून लुआकडे (निओविमच्या दुसऱ्या स्क्रिप्टिंग भाषेकडे) कोड नेताना हमखास होणारा घोळ. 'अ,,ब,' ही स्ट्रिंग स्वल्पविरामावर तोडली तर विमस्क्रिप्टचं स्प्लिट ३ तुकडे देतं, कारण शेवटचा रिकामा तुकडा ते गुपचूप टाकून देतं. निओविमचं विम.स्प्लिट ४ देतं. लुआत टिंबावर तोडताना ‘प्लेन’ (पॅटर्न नव्हे, साधी स्ट्रिंग समजा) हा पर्याय द्यायचा राहिला तर टिंब म्हणजे ‘कोणतंही अक्षर’, आणि हाती येणारे सगळे तुकडे रिकामे. तुमच्या लायब्ररीत यातलं एकच वागणं निवडा आणि ते टेस्टमध्ये बांधून टाका.

मूळ लिस्टच बदलून टाकणं

विमस्क्रिप्टचं मॅप नवी लिस्ट बनवत नाही, दिलेलीच बदलतं. फिल्टर आणि सॉर्टही तसंच. वापरणाऱ्याच्या हातातली लिस्ट त्याच्या नकळत बदलली तर तो दोष शोधायला दुपार जाते. आधी कॉपी करा. विम ८.२ च्या काळात आलेलं मॅपन्यू हेच काम करतं, पण जुन्या विमवर ते सापडणार नाही.

चूक झाली तरी पुढे पळणारं फंक्शन

जुन्या विमस्क्रिप्टमध्ये फंक्शनच्या ओळीत ‘अबॉर्ट’ लिहिलं नसेल, तर मधल्या ओळीत एरर आली तरी पुढच्या ओळी चालतच राहतात. फाइल वाचता आली नाही, तरी रिकाम्या मजकुराने ती परत लिहिणारं फंक्शन असंच जन्माला येतं. गंमत म्हणजे तेच फंक्शन एरर पकडणाऱ्या ट्राय ब्लॉकच्या आतून बोलावलं तर पहिल्याच एररला थांबतं. म्हणजे टेस्टमध्ये ट्राय होता म्हणून सगळं हिरवं, आणि प्रत्यक्षात राडा. इथे चर्चेला जागा नाही: लायब्ररीतल्या प्रत्येक फंक्शनला अबॉर्ट.

कॉलबॅकमधून बफरला हात लावणं

निओविममध्ये ई५५६० ही एरर आली की कारण बहुधा एकच: टायमर किंवा बाहेरच्या प्रोसेसच्या कॉलबॅकमधून (काम झालं की बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमधून) एडिटरला हात लावला गेला. त्या क्षणी एडिटर दुसऱ्या कामात मग्न असू शकतो, म्हणून बहुतेक एपीआय तिथे बंद असतात. विम.शेड्यूलमध्ये गुंडाळलं की काम होतं. पण लायब्ररीने सरसकट सगळं गुंडाळू नये. नुसती स्ट्रिंग जोडणाऱ्या फंक्शनला त्याची गरज नाही, आणि गुंडाळलेलं फंक्शन लगेच उत्तर परत देऊ शकत नाही. कोणतं फंक्शन कुठून बोलवलेलं चालेल, हे डॉक्युमेंटेशनमध्ये फंक्शनशेजारी एका ओळीत लिहा.

लुआचंच आणखी एक: जेसन या डेटाच्या स्वरूपातला नल (‘काही नाही’) विम.निल बनून येतो, आणि इफमध्ये तो ‘खरा’ ठरतो. ‘व्हॅल्यू नाही, तरी आत कसा शिरला?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा हे असतं.

नावांची घाई

ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरचं उदाहरण बोलकं आहे. तिथली जुनी सीएल लायब्ररी आपली फंक्शनं कोणताही प्रीफिक्स न लावता सगळ्यांच्या अंगणात सोडायची, आणि ईमॅक्समध्ये वेगळे नेमस्पेस (नावांचे स्वतंत्र कप्पे) नाहीत. २०१३ च्या २४.३ आवृत्तीत प्रीफिक्सवाली सीएल-लिब आली, तरी जुनीला अधिकृतपणे ‘वापरू नका’ म्हणायला २०२० ची २७.१ उजाडावी लागली. निओविमनेही ०.१० मध्ये विम.लूपचं विम.यूव्ही केलं. जुनं नाव चालू ठेवून, नवं सांगणारी सूचना दाखवून मगच काढायचं, ही रीत पहिल्या दिवसापासून ठेवा.

आवृत्त्यांची मारामारी मात्र सूचनेने सुटत नाही. एका प्लगिनला तुमची जुनी लायब्ररी हवी आणि दुसऱ्याला नवी, तर एडिटर दोन्ही नांदवत नाही. जपानी विमकरांच्या व्हायटल.विमने यावर साधा तोडगा काढला: प्लगिन लिहिणाऱ्याने हवी तेवढी मॉड्यूल्स आपल्याच प्लगिनमध्ये कॉपी करून घ्यायची, तीही एका कमांडने. डिस्कवर तोच कोड दहादा राहतो म्हणून शुद्धतावादी नाक मुरडतात. काही केबींसाठी कोणाचं एडिटर सकाळी बंद पडू नये, असं मला वाटतं. तुमची मॉड्यूल्स छोटी आणि एकमेकांवर न लटकलेली असतील तरच हा मार्ग परवडतो. पाथच्या मॉड्यूलने लिस्टचं, लिस्टने टेस्टचं ओढून आणलं की कॉपी करणाऱ्याच्या गळ्यात अख्खं फोल्डर पडतं.

टेस्ट चालवताना आधी ‘--क्लीन’ देऊन कोऱ्या एडिटरमध्ये चालवा, मग त्याच टेस्ट इग्नोअरकेस चालू करून पुन्हा चालवा. दुसऱ्या फेरीत जे लाल होईल ते आधी दुरुस्त करा.